बाहेरून लावलेलं कुलूप

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आमच्या घराला दिवसातला बराच वेळ बाहेरून कुलूप असायचं आणि मी आत असायचे. हे कुणी माझ्यावर लादलेलं नव्हतं. ठरवलं दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि होकार माझा. आमच्या वस्तीत दार उघडं दिसलं की माणूस आत यायचा. साखर मागायला, पोस्टाचं पत्र वाचून घ्यायला, आणि काहीच काम नसलं तर नुसता बसायला. आलेल्या माणसाला ‘पोरीचा अभ्यास आहे’ असं सांगणं म्हणजे त्याला घालवून देण्यासारखंच. त्यावर वस्तीतल्या शिकत्या पोरांच्या घरांनी काढलेली तोड म्हणजे हे कुलूप. आलेला माणूस ते बघून आपणहून परत फिरायचा, त्याचा मान राहायचा आणि आतल्या पोराचा धडा पाठ व्हायचा. फक्त आतल्याने खोकायचं नाही, भांडं वाजू द्यायचं नाही आणि हाक आली तरी ओ द्यायची नाही.

दादा ओझरला विमानाच्या कारखान्यात मदतनीस होते. पहाटेच त्यांची बस यायची. त्याआधी आईचा स्टोव्ह भुर्र पेटायचा, तव्यावर बाजरीची भाकरी फुगायची आणि सुकटाच्या चटणीचा वास सगळ्या घरात भरायचा. सगळं घर म्हणजे दोन खोल्या. आमची वस्ती नाशिक शहरातलीच, पण एका रांगेत एकाला एक चिकटून बांधलेल्या खोल्यांची. वर एकच लांब पत्रा, आणि दोन घरांमधली भिंत त्या पत्र्यापर्यंत पोचायचीच नाही. वर हात-दीड हात मोकळं राहायचं, तिथं लोक गोणपाट ठोकायचे. त्यामुळे शेजारच्या घरातली भांडणं, रेडिओ, फोडणी, सगळं आम्हाला यायचं आणि आमचं त्यांना जायचं.

शेजारी गयामावशी, त्यांचा मुलगा सुरेशभाऊ आणि सून मंगलवहिनी राहायचे. मंगलवहिनी माझ्याहून थोडीच मोठी. दुपारी घरात कुणी नसलं की ती पलंगावर चढून गोणपाटाचा सुटा कोपरा बाजूला करायची आणि भाजीची वाटी भिंतीवर ठेवायची. “खा गं, कोंडून घेतलेली,” म्हणायची. घराबाहेरची तेवढी एकच बाई होती जिला कुलपामागे मी आहे हे कायम ठाऊक असायचं, आणि जिला मी हळू आवाजात का होईना ओ द्यायचे.

माझी शाळा विंचूरची, आम्ही नाशकात यायच्या आधीची. तिथं इंग्रजी म्हणजे फळ्यावर लिहिलेलं वहीत उतरवायचं आणि परीक्षेत पुन्हा कागदावर उतरवायचं. मी इंग्रजी विषय का घेतला असं लोक आजही विचारतात. खरं उत्तर असं की, तो सगळ्यात अवघड आहे असं कुणीतरी म्हणालं होतं. शेवटच्या वर्षाला आम्हाला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. एक हुशार तरुण घर सोडून दूर शिकायला जातो, खोलीत स्वतःला कोंडून घेतो आणि मेलेल्या माणसांचे अवयव जोडून त्यांत जीव आणायचा ध्यास घेतो. घरची पत्रं पडून राहतात. ऋतू येतात नि जातात, त्याला कळत नाही. शेवटी एकदाचा त्याने जोडलेला देह डोळे उघडतो, आणि हा त्याच्याकडे बघून घाबरतो नि पळून जातो. आमच्या सरांनी सांगून ठेवलं होतं की या कादंबरीवर महत्त्वाकांक्षा आणि एकटेपण हा प्रश्न ठरलेला आहे. गाइडमध्ये त्याचं उत्तरही होतं. माणसाने आपली मर्यादा ओळखावी, असा त्याचा शेवट. तो मी तोंडपाठ केला होता.

पण मला तो तरुण मनापासून आवडायचा, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. जेवण विसरणारा, कुणाशी न बोलणारा, रात्रंदिवस एकाच गोष्टीच्या मागे लागलेला माणूस मला माझा वाटायचा. मलाही प्रथम वर्ग पाहिजे होता. आमच्या घराण्यात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं आणि माझ्यानंतर दोन भाऊ रांगेत होते. मी नापास झाले असते तर दादांनी त्यांनाही कारखान्यातच लावलं असतं, असं मला वाटायचं. आज या वयात तीच पानं उलटताना दुसरंच मनात येतं. तेव्हा मी जो ड्रेस घालून कॉलेजात जायचे तो मावसबहिणीचा, टेबलावरचा दिवा सुरेशभाऊने जोडून दिलेला, शब्दकोश विहारात शिकवायला येणाऱ्या गुरुजींचा, बसायची खुर्ची समोरच्या घरातली. त्या कादंबरीतल्या देहासारखी मीच तुकड्या-तुकड्यांनी जोडली जात होते. मला मात्र वाटायचं की जोडणारी मी आहे, आणि एकटीच आहे.

मंगलवहिनीला ही गोष्ट मी भिंतीवरून थोडी थोडी सांगितली होती. ती पोटुशी होती, आठवा लागला होता, आणि स्वयंपाक करता करता ऐकायची. मेलेल्या माणसांचे अवयव आले तेव्हा गयामावशींनी नेमकं ऐकलं. त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, “ए नंदे, पोटुशीसमोर असलं काय बोलते गं? हेच शिकवतात व्हय तुमच्या कॉलेजात?” गोष्ट तिथंच थांबली.

जयंतीचा दिवस आला. आमच्या वस्तीत हा दिवस म्हणजे दिवाळी-दसरा सगळं एकत्र. सकाळी विहारात वंदना, घराघरांवर पताका, दुपारी खीर-पुरी आणि बटाट्याची भाजी, आणि ऊन कललं की मिरवणूक. लहान भाऊ लेझीमच्या पथकात होते. बायका पांढऱ्या साड्या नेसून एकमेकींच्या केसांत फुलं माळत होत्या. मी पुस्तक घेऊन बसले होते, कारण जयंतीनंतर लगेच पेपर होता.

आई दादांना म्हणाली, “आजच्या दिवशी तरी पोरीला कोंडू नका. लोक काय म्हनतील?”

“लोक म्हनतील घरी कुणी नाय,” दादा म्हणाले. “त्याच्यासाठीच तर कुलूप हाय.”

“मिरवणुकीला नाय आली ती कधी, असं झालंय का?”

“ज्यांची जयंती हाय त्यांनी काय सांगितलंय? नाचा म्हनून सांगितलंय का?” दादांनी माझ्याकडे पाहिलं. “तू सांग, येते का?”

मी नाही म्हणाले. ते खरंच होतं. मला त्या दिवशी बाहेर जावंसं वाटत नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. कुलूप लागल्याचा खटका ऐकला आणि पाय वर घेऊन मी खुर्चीवर बसले.

हळूहळू गल्ली रिकामी झाली. ढोल आधी आमच्या दारावरून, मग कोपऱ्यावरून, मग मुख्य रस्त्यावरून ऐकू यायला लागला. पत्रा दिवसभराचा तापलेला होता, आणि एवढ्या शांततेत तो मधूनच टणकन वाजायचा. माझी पानं चालली होती. मग भिंतीपलीकडे काहीतरी पडलं. पितळेचा तांब्या असावा, कारण तो बराच वेळ घरंगळत राहिला. मला वाटलं, मंगलवहिनी गेली नव्हती तर. मग भिंतीवर थाप पडली. मग आणखी एक, पहिलीपेक्षा हळू.

“वहिनी?” मी म्हणाले.

“नंदा, तू हायेस?” तिचा आवाज जमिनीजवळून येत होता. “पाणी गेलं गं माझं. सगळं ओलं झालंय. आत्तीला बोलव.”

आत्ती म्हणजे तिची सासू, गयामावशी. त्या मिरवणुकीत होत्या, सुरेशभाऊही. मी दारापाशी गेले आणि कडी ओढली तेव्हा लक्षात आलं. दार बोटभर उघडलं आणि बाहेरच्या कुलपाने अडलं. मी फटीतून हाका मारल्या. गल्लीत कुणी नव्हतं. लांबून ढोलाचा आवाज येत होता, त्यात माझा आवाज कुठं पोचणार. आणि समजा कुणी गेलंच असतं दारावरून, तर त्याला कुलूप दिसलं असतं.

“वहिनी, माझ्या दाराला कुलूप आहे. तुमची कडी काढा, मी फटीतून कुणाला तरी…”

“मला उठता येत नाय,” ती म्हणाली. “वर कडी हाय. हात पुरत नाय.” मग ती बोलली नाही, नुसती कण्हली. ते कण्हणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. एखादं जड कपाट सरकवताना माणूस जसा आवाज काढतो तसं होतं ते.

आमच्या धान्याची पत्र्याची कोठी भिंतीला लागून होती. मी तिच्यावर चढले. गोणपाट खिळ्यांनी ठोकलेलं होतं, ते ओढलं तेव्हा अर्धं फाटलं आणि वर्षानुवर्षांची धूळ माझ्या तोंडावर आली. भिंतीच्या माथ्यावर विटांच्या कडा नुसत्याच सोडलेल्या होत्या. पोटावर आडवी होऊन मी सरकले. पाठीला पत्रा लागला, तो इतका गरम होता की त्याचा चटका पुढे कित्येक दिवस मला झोपू देत नव्हता. पलीकडे पलंग होता. मी त्यावर पडले, आणि खाली मंगलवहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिची साडी ओली होती आणि ओठ चावून चावून फुटले होते.

मी आधी वरची कडी काढली आणि गल्लीत पळत गेले. कोपऱ्यावर एक मुलगा सायकलवरून मिरवणुकीकडे चालला होता. त्याला म्हणाले, “सुरेशभाऊला सांग, मंगलवहिनी अडलीय. गयामावशींना पण सांग. दिसेल त्याला सांग.” तो भांबावून गेला, पण गेला. मी आणखी पुढं जाणार होते, रिक्षा बघायला. तेवढ्यात मागून तिची किंकाळी आली आणि मी परत फिरले.

पुढचं नीट सांगता येणार नाही. मला काही माहीत नव्हतं आणि तिलाही फारसं नव्हतं, तिचं पहिलंच होतं. ती म्हणाली गोधडी घाल, मी घातली. ती म्हणाली हात धर, मी धरला. मिरवणुकीतला ढोल एकदम जवळ आल्यासारखा वाटला, मग दूर गेला. आणि मग ते बाळ आलं, मी तयार व्हायच्या आधीच. माझ्या ओढणीवर ते पडलं. एवढंसं होतं, माझ्या दोन्ही हातांत सगळं मावेल इतकं. ते रडलं नाही. त्याचा रंग वांग्यासारखा होता, अंगावर पांढरट लेप होता आणि डोळे किलकिले उघडे होते. ते डोळे माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं. माझा एक पाय मागे सरकला. दार उघडंच होतं.

पुढे अनेक वर्षं मी कॉलेजात हीच कादंबरी शिकवली. वर्गात त्या जागेला आलो की कुणीतरी विचारतंच की मॅडम, एवढं सगळं केल्यावर तो पळाला कसा? मी पुस्तकातलं उत्तर देते. पण पाय कसा सरकतो ते मला माहीत आहे.

“नंदा,” मंगलवहिनी म्हणाली. “काय हाय? बोल ना. काय हाय?” ती मुलगा की मुलगी विचारत नव्हती.

मी खाली बसले. ओढणीने तोंड पुसलं, नाक पुसलं, बोटाने तोंडातला चिकटा काढला. पालथं धरून पाठ चोळली. वासराची चोळतात तशी, विंचूरला पाहिलेली. काही झालं नाही. पुन्हा चोळली, जोरात. मला भीती वाटत होती की एवढ्याशा पाठीचं काहीतरी मोडेल. मग ते शिंकल्यासारखं हललं आणि बारीक आवाज निघाला, रडण्यापेक्षा कुरकुरीसारखा. “मुलगी आहे,” मी म्हणाले, आणि मंगलवहिनीने डोळे मिटले. नाळेला हात लावू नको, मोठ्यांना येऊ दे, एवढं ती म्हणाली. मी बाळ ओढणीत गुंडाळून तिच्या छातीवर ठेवलं आणि दोघींवर ओणवी होऊन बसून राहिले.

मोठे आले ते एकदम आले. गयामावशी सगळ्यांच्या पुढं, पांढरी साडी गुडघ्यापर्यंत धरून. मागं पलीकडच्या गल्लीतल्या नर्सबाई, त्यांनी नाळेचं बघितलं. मग रिक्षा. मुख्य रस्ता मिरवणुकीने भरलेला, पण सुरेशभाऊ रिक्षाच्या पुढं पळत होता आणि ‘बाळ हाय, बाळ हाय’ म्हणत होता. ढोल थांबला. लेझीमची पोरं दोन बाजूंना झाली आणि एवढ्या मोठ्या गर्दीतून आम्ही बाहेर पडलो. बाळ माझ्याजवळ होतं, कारण माझ्याकडून घ्यायला कुणाला सुचलंच नाही.

इकडे दादा घरी आले होते. हे मला आईने नंतर हसत हसत सांगितलं, तेव्हा मात्र ती हसली नसणार. कुलूप जसंच्या तसं. दादांनी ते काढलं, आत आले, आणि घरात पोरगी नाही. त्यांनी मोरी बघितली, पलंगाखाली बघितलं, धान्याच्या कोठीचं झाकणसुद्धा उघडून बघितलं. मग त्यांना वर फाटलेलं गोणपाट दिसलं. दारात जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, “तुमचं कुलूप लय भारी निघालं, भाऊ. चोर नाय आला, पण माल गेला.” दादा पायरीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

बाळ दिवसांआधी आलेलं, वजनाने फार कमी. मोठ्या सरकारी दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. मंगलवहिनीला आतल्या वॉर्डात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आत्ता काही सांगता येत नाही. दूध ओढायला लागलं की मग आशा.” मी घरी गेले नाही. सकाळी व्हरांड्यातल्या लांब बाकावर मी आणि गयामावशी बसलो होतो, सुरेशभाऊ औषधं आणायला गेला होता. त्यांचं तोंड एका दिवसात उतरलं होतं. आतून कुणी बाहेर आलं की त्या माझं मनगट धरायच्या. बाकावर आणखी माणसं होती. सटाण्याकडचे एक आजोबा होते, त्यांची सून आत होती. सुरगाण्याच्या बाजूची एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती.

दादा आले ते डब्याची पिशवी घेऊन. समोर उभे राहिले. “उद्या पेपर हाय,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“घरी चल. मावशीजवळ तुझी आई थांबंल.”

“नाही,” मी म्हणाले. “दूध ओढल्याशिवाय मी येत नाही.”

दादांना मी आधी कधी नाही म्हणाले होते ते मला आठवत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गयामावशींनी धरलेल्या माझ्या मनगटाकडे. मग ते बाकाच्या टोकाला बसले, पिशवीतून डबा काढून मावशींना दिला आणि त्याच पिशवीतून माझं पुस्तक काढलं. “मग हितंच वाच,” म्हणाले.

मी वाचायला लागले, पण अक्षरं दिसत नव्हती. सटाण्याचे आजोबा वाकून बघत होते. “काय वाची राहिनी, माय?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, गोष्ट आहे. ते म्हणाले, सांग मंग. मनी सून मझार शे, म्हणाले, आत आहे, आणि नुसतं बसून जीव जातोय. मी गयामावशींकडे पाहिलं. त्यांनीच ही गोष्ट बंद पाडली होती. त्या म्हणाल्या, “सांग गं. काहीतरी बोल. नाय तर माझे कान त्या दारालाच लागलेत.”

म्हणून मी सांगितली. गाइडमधली नाही, आमच्या भाषेत. तो मुलगा, ती खोली, पडून राहिलेली पत्रं. त्याने जोडलेला तो देह, त्याने उघडलेले डोळे, आणि याचं पळणं. मग तो जोडलेला बिचारा जीव दारोदार कसा फिरतो, लोक त्याला बघून दगड कसे मारतात, तो एका झोपडीच्या भिंतीआड लपून माणसांचं बोलणं कसं शिकतो. सुरगाण्याची बाई पोराला थोपटायची थांबली. कुणीतरी उभं होतं ते खाली बसलं. मी कधीच कुणासमोर एवढं बोलले नव्हते, आणि बोलता बोलता ही कादंबरी मला पहिल्यांदा समजत होती.

“त्या मुलाला घरचं कुणी नव्हतं का?” गयामावशींनी विचारलं.

“होतं. बाप होता, मित्र होता. लग्न ठरलेली मुलगी होती. त्याने कुणालाच काही सांगितलं नाही.”

“येवढं मोठं काम,” आजोबा म्हणाले, “आनि कोन्हालेच नही सांगं?”

दादा फरशीकडे बघत होते. ते म्हणाले, “त्यानं नसंल सांगितलं. पन त्याच्या बापानं तरी जाऊन बघायचं का नाय?” हे ते कुणाला विचारत होते कळलं नाही. मी पुढची गोष्ट सुरू केली.

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच प्रश्न आला. मी गाइडचा शेवट लिहिला नाही. माणसाने फार मोठं काही मनात धरू नये असं मला आता वाटत नव्हतं. मी लिहिलं की त्याने जीव आणला ही त्याची चूक नव्हती, आणलेल्या जिवापाशी तो थांबला नाही ही होती. मार्क बरे मिळाले, फार नाहीत. प्रथम वर्ग थोडक्यात हुकला. पुढे एम.ए.ला मिळाला, तेव्हा माझ्या अभ्यासाच्या खोलीत वस्तीतली निम्मी माणसं येऊन जाऊन असायची.

पण तो पेपर अजून व्हायचा होता. मी बाकावर बसून सांगत होते, गोष्ट बर्फाच्या प्रदेशापर्यंत आली होती, आणि ‘मंग काय व्हयनं?’ असं आजोबा विचारत होते, तेव्हा आतलं दार उघडलं. पांढऱ्या कपड्यातल्या नर्सबाई हातात कागद घेऊन बाहेर आल्या.

“मंगलचे नातेवाईक कोण?”

गयामावशी उठल्या. मी उठले. दादा उठले. सटाण्याचे आजोबा गुडघ्यावर हात ठेवून उठले, सुरगाण्याची बाई पोराला खांद्यावर टाकून उठली, आणि ज्यांची नावंही मला माहीत नव्हती ती बाकावरची बाकीची माणसंही उभी राहिली.

नर्सबाईंनी कागद खाली घेतला. “एवढे सगळे मंगलचे?”

“हो,” दादा म्हणाले.

“मग एवढ्या सगळ्यांना सांगते, बाळानं दूध ओढलं,” त्या म्हणाल्या. “आता एकीनं आत या, आणि बाकीच्यांनी जरा हळू बोला. तुमची गोष्ट पार आत ऐकू येतेय.”